बेचाळिसावं नाव

१

डेल्फीन गेन्सला घराण्यातले लोक मागून 'पोस्टमास्तर' म्हणत. टोलेडोच्या टपालखात्यात एकतीस वर्षं खिडकीमागे बसून ती निवृत्त झाली, पण खिडकी सुटली तरी सवय सुटली नव्हती. कुठलंही काम हाती आलं की त्याचे खाने पाडायचे, प्रत्येक खान्यात नेमकी चिठ्ठी टाकायची आणि दुसऱ्या कुणी त्यात हात घातला की त्याच्यावर खेकसायचं. गेन्स घराण्याचा मेळावा दर दोन वर्षांनी भरायचा. आई गेल्यापासून तो भरवायचं काम डेल्फीनकडे होतं. म्हणजे तिला कुणी दिलं नव्हतं, तिनेच घेतलं होतं.

यंदाचा मेळावा बाल्टिमोरला, बंदरावर, जुलैच्या तिसऱ्या शनिवारी. चार राज्यांतून त्रेसष्ट माणसं येणार होती. मार्च लागल्यापासून दर रविवारी चर्चमधून आलं की डेल्फीन हॅट काढून खुंटीला अडकवायची, बूट काढून सुजलेली पावलं मोकळी करायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर निळी फाइल उघडायची. फाइलचे तीन भाग होते: खोल्या, टी-शर्ट आणि पुस्तिका.

खोल्यांवरून भांडणं होत. टी-शर्टवरून त्याहून जास्त होत, कारण आपलं खरं माप कुणीच सांगत नसे. यंदाचा शर्ट गडद निळा होता, पुढे नांगर आणि पाठीवर ज्याचं त्याचं नाव. पण डेल्फीनला खरी काळजी असायची ती पुस्तिकेची, आणि तिच्यातही शेवटच्या पानाची. त्या पानावर घराण्यातल्या गेलेल्या माणसांची नावं असत, ज्या क्रमाने गेली त्या क्रमाने. शनिवारच्या जेवणाआधी सगळ्यात वडीलधारा माणूस उभा राहून एकेक नाव वाचायचा. त्या शाखेतलं कुणीतरी उठून गेलेल्याच्या वतीने मोठ्याने म्हणायचं, "हजर!" एक मेणबत्ती लागायची आणि मग पुढचं नाव. पोरं खिदळायची, म्हाताऱ्या डोळे पुसायच्या आणि तळलेली कोंबडी गार व्हायची. कुणासाठी कोण उठणार हे नावासमोरच्या रकान्यात आधीच लिहून ठेवत. नाव वाचलं आणि कुणीच उठलं नाही, तर ते बरं दिसत नसे.

नावं एक्केचाळीस होती. शेवटचं आईचं, ओला मे. एकोणिसाव्या जागी एक 'विल्बर' होता, आणि हा विल्बर कुणाचा कोण ते एकालाही सांगता येत नव्हतं. आई मात्र दर मेळाव्याला त्याच्यासाठी स्वतः उठायची, आणि पुन्हा बसताना तिला खुर्ची सापडत नसे. आईच्या म्हातारपणी तिची पेटी आवरताना डेल्फीनला तळाशी एक पिवळा टी-शर्ट मिळाला होता. अगदी पहिल्या मेळाव्याचा, पाच-सहा वर्षांच्या पोराच्या मापाचा, पाठीवर 'विल्बर' छापलेला.

"हा कुणाचा गं, आई?" तिने विचारलं होतं.

आईने तो तिच्या हातातून घेतला आणि सावकाश घडी घातली. "कुणाचा नाही," ती म्हणाली. "छापखान्यातून चुकून जादा आला."

पहिल्या मेळाव्याच्या त्या उन्हाळ्याबद्दल आई फारसं बोलत नसे. डेल्फीन तेव्हा आठ वर्षांची होती. धाकटी मोझेल तान्ही होती आणि हातची जाता जाता वाचली होती, एवढंच आई सांगायची.

डेल्फीनने एक्केचाळीस नावं आपल्या टपोऱ्या अक्षरात एका कोऱ्या कागदावर उतरवली. विल्बरसमोरच्या रकान्यात, आता आई नाही म्हणून, स्वतःचं नाव घातलं. दोनदा मोजलं आणि सोमवारी सकाळी कागद छापखान्यात नेऊन दिला.

२

बाल्टिमोर निवडलं ते मोझेल तिथे राहते म्हणून. बंदराला लागून असलेल्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर तिची दोन खोल्यांची जागा होती, आणि खालच्याच रस्त्यावर ती बायकांच्या वेण्या घालायच्या दुकानात काम करायची. हॉटेल, जेवणाचा हॉल, बोटीची सफर असं तिथलं सगळं तिच्याकडे होतं. दोघी बहिणींचं फारसं पटत नसे. आईचा जीव मोझेलवर जास्त होता, आणि हे साठी उलटल्यावरही डेल्फीनच्या घशात काट्यासारखं अडकून होतं.

"बोला, पोस्टमास्तर!" फोन उचलताच मोझेल म्हणाली.

"पाण्याकडच्या खोल्या म्हाताऱ्यांना द्यायच्या," डेल्फीनने सुरुवात केली. "तरुणांना गाड्या लावायच्या जागेकडच्या."

"आणि मला?"

"तू तिथेच राहतेस. तुला खोली कशाला?"

"वा गं वा! सगळ्यांचा धिंगाणा तिकडे आणि मी घरी येऊन उशी कवटाळू? मला पाण्याकडची खोली पाहिजे, आणि शर्ट थ्री-एक्स. मागल्या वेळी तू टू-एक्स दिलास. श्वास घेतला की नांगर ताणला जायचा."

"मागल्या वेळी नांगर नव्हता, सूर्यफूल होतं."

"तेच ते. फुललं होतं बिचारं."

डेल्फीनची सात वर्षांची नात इमानी बाजूला नाचत होती. तिने फोन हिसकावला. इमानीची आई ती दोन वर्षांची असताना घरातून गेली ती गेलीच. तेव्हापासून आजी आणि नात, एवढंच घर होतं. "मोझेल आंटी, ती ड्रॅगनची होडी? पायाने चालवायची?"

"चालवू की. तू पाय मार, मी नुसती राणीसारखी बसते."

इमानी हसत पळाली. मग मोझेलचा आवाज थोडा उतरला. "डेल, एक गंमत सांगू? परवा माझ्या ठरलेल्या तीन बायका आल्या आणि सरळ शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मी कंगवा घेऊन उभी. रविवारी चर्चच्या गाण्यात सगळ्यांना जागा दिली, मला नाही. काल खेकडेवाला माझ्या डोक्यावरून मागच्या बाईला विचारतो, काय देऊ? एवढी अडीचशे पौंडाची बाई त्याला दिसू नये?"

"वाणसामानाच्या दुकानात मलाही कुणी विचारत नाही. वय झालं आपलं."

"तुझं झालं असेल."

बोलता बोलता डेल्फीनच्या कानाला काहीतरी लागलं. फोनमध्ये, मोझेलच्या मागे बरंच लांब, एक पुरुषी आवाज काहीतरी वाचत होता. सावकाश, एकेक शब्द, मधे थांबून. "ऑगस्टस," असं तिला ऐकू आलं. मग बराच वेळ काही नाही. मग, "लिओला."

"मागे कोण बोलतंय?"

"बंदरावर गं. फेरीबोटवाले कर्ण्यावरून प्रवाशांची नावं पुकारतात. दिवसभर चालू असतं."

ऑगस्टस यादीत तिसरा होता आणि लिओला चौथी. डेल्फीनच्या ते लगेच लक्षात आलं, आणि जगात ऑगस्टस काय कमी आहेत, असंही लगेच मनात आलं. तिने फाइल मिटली आणि भाजी चिरायला घेतली.

३

छापखाना ब्रदर स्टोक्सचा. चर्चमधल्या प्रत्येक अंत्यविधीची पत्रिका तो छापायचा, त्याच्याआधी त्याचे वडील छापत. मेळाव्याची पुस्तिकाही तो त्याच जाड, पिवळसर कागदावर काढायचा. त्याने पहिला नमुना काउंटरवर ठेवला. डेल्फीनने चष्मा चढवला आणि सवयीने शेवटचं पान उघडलं.

बेचाळीस नावं होती. आईच्या खाली, मोझेल.

"हे काय, ब्रदर स्टोक्स? माझी बहीण जिवंत आहे. जिवंत कसली, सगळ्यांना पुरून उरेल."

"मी आपलं कागदावर आहे तसं उतरवलं, सिस्टर गेन्स." त्याने खणातून तिचाच कागद काढला. बेचाळिसावी ओळ तिथे होती. अक्षर तिचं. 'झ'चं शेपूट ती जरा लांब ओढायची, तेही तसंच होतं.

डेल्फीनला आधी हसू आलं आणि मागोमाग लाज वाटली. बहिणीवरचा राग असा हातातून उतरला म्हणायचा! लिहिताना मन दुसरीकडे असेल, रक्तदाबाच्या गोळीने गुंगी आली असेल. तिने स्टोक्ससमोर लाल शाईने ओळ खोडली, वर एक्केचाळीस लिहून सही केली आणि बाहेर पडली.

त्याच दुपारी तिने मोझेलला फोन केला. सांगावं की नाही याचा विचार चालला होता, पण मोझेलला चेष्टा आवडायची.

"मेलेल्यात घातलंस मला?" मोझेल इतकी हसली की तिला ठसका लागला. "मग जेवणाचं कुपन वाचलं म्हण! पण शर्ट दे हं. थ्री-एक्स. उघडी नाही पाठवायची मला." आणि मग खुशीत म्हणाली, "ऐक, आज सकाळपासून माझी खुर्ची रिकामी नाही. त्या तिघीही परत आल्या. म्हणतात, तू होतीस कुठे इतके दिवस?"

डेल्फीन हसली. पण हसता हसता तिचा कान पलीकडे गेला. आवाज होता. मागच्या वेळेपेक्षा थोडा जवळ.

"विल्बर," आवाज म्हणाला, आणि थांबला.

४

पुढच्या आठवड्यात इमानी शाळेतून आली ती गाल फुगवून. दप्तर जमिनीवर टाकत म्हणाली, "ग्रॅनी, आज बाईंनी हजेरीत माझं नावच घेतलं नाही."

"विसरल्या असतील."

"मी मोठ्याने हजर म्हटलं. त्यांनी बघितलंच नाही."

संध्याकाळी शाळेचा तो ठोकळेबाज, ध्वनिमुद्रित निरोप फोनवर आला: आपला पाल्य आज गैरहजर होता. डेल्फीनने दुसऱ्या दिवशी पोरीला स्वतः वर्गाच्या दारापर्यंत सोडलं, ती बाकावर बसलेली पाहिली. संध्याकाळी पुन्हा तोच निरोप. तिसऱ्या दिवशी ती शाळेच्या कचेरीत जाऊन तावातावाने बोलली. समोरच्या बाईने यंत्रात शोधलं, पुन्हा शोधलं, आणि अगदी मायेने विचारलं, "नाव परत सांगता का? कुठल्या शाळेत आहे म्हणालात?"

परत येताना ती छापखान्यात शिरली. दुसरा नमुना तयार होता. मोझेलचं नाव गेलं होतं. आईच्या खाली, बेचाळिसाव्या जागी, इमानी.

तिने काउंटर दोन्ही हातांनी धरला. स्टोक्सने कागद पुढे केला. लाल खोडलेल्या ओळीखाली नवी ओळ होती. तिच्या अक्षरात. "तुम्ही मंगळवारी येऊन लिहून गेलात की," तो म्हणाला. मंगळवारी ती घराबाहेर पडली नव्हती. निदान तिला तसं वाटत होतं.

तिने तो कागद तिथेच फाडला. नवा मागून घेतला, उभ्या उभ्या एक्केचाळीस नावं लिहिली, स्टोक्सला मोजायला लावली. त्याने बोट ठेवत मोजली. एक्केचाळीस. आणि तरी घरी येताना बसमध्ये तिला सारखं वाटत होतं की त्याने शेवटचा आकडा म्हणताना क्षणभर दम घेतला होता.

डेल्फीन काही खुळी बाई नव्हती. तिने डॉक्टरांकडे जाऊन स्मरणाची तपासणी करून घेतली. घड्याळ काढून दाखवलं, शंभरातून सात सात वजा केले, आणि डॉक्टर म्हणाले, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे. हे ऐकून एखाद्याला बरं वाटलं असतं. तिला वाटलं नाही.

५

शनिवारी दुपारी तिने चीज घातलेली मॅकरोनी भट्टीतून काढली, ताट वाढलं आणि खिडकीजवळ बसून जेवायला लागली. ऊन छान होतं. शेजारचा माणूस गवत कापत होता. अर्धं ताट संपेपर्यंत तिच्या मनात कसलाही विचार नव्हता. उलट फार दिवसांनी घर कसं शांत आहे, असं वाटत होतं.

मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. ताट एकच होतं. टेबलाला खुर्चीही एकच होती. दुसरी कधीतरी उचलून भिंतीला लावून ठेवली होती आणि तिच्यावर धुतलेले कपडे रचले होते.

दारात इमानी उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

"ग्रॅनी," ती म्हणाली. आवाज बसला होता. "मी केव्हाची हाका मारतेय."

डेल्फीनने तिला ओढून पोटाशी धरलं. पोर गरम होती, जड होती, केसांना खोबरेलाचा वास येत होता. खरी होती. पण धरून बसलेली असतानासुद्धा डेल्फीनला मनातल्या मनात घोकावं लागत होतं: इमानी, इमानी, इमानी. घोकणं थांबलं तर हात आपोआप सैल पडतील, याची तिला धास्ती वाटत होती.

त्या दिवशी तिला ते कळलं. कसं, का, कोणाचं, ते नाही कळलं, आणि कळून काही उपयोगही नव्हता. एवढंच कळलं की मोझेलचं नाव पानावर होतं तेव्हा मोझेल लोकांना दिसत नव्हती. ते खोडलं आणि खुर्ची भरली. पानाला बेचाळीस हवे होते. कोण, ते बहुधा तिच्यावर सोडलं होतं.

६

सोमवारी सकाळी तिने इमानीला मनगटाला धरून छापखान्यात नेलं. पोरीला समोर स्टुलावर बसवलं आणि कोरा कागद मागितला. तिसरा नमुना काउंटरवर होता. तिने तो उघडला नाही.

एक्केचाळीस नावं लिहून झाली. बेचाळिसावी ओळ.

पहिल्यांदा तिने स्वतःचं नाव लिहायला घेतलं, हे खरं आहे. 'डे' लिहून झालं. मग पेन थांबलं. आपण गेलो तर हिला कोण बघणार, हा विचार तिच्या मनात आला, आणि विचार बरोबरच होता. मोझेलला मूल ना बाळ, मागे रडणारं कुणी नाही, हाही आला. पण त्यांच्या पाठीमागून आणखी एक आला, आणि तो कुणाला दिसू नये अशी तिची फार इच्छा होती. आईने मरताना हात मोझेलचा धरला होता.

तिने 'डे' खोडलं. वर मोझेल लिहिलं. पेन अजिबात अडलं नाही. समोरच्या रकान्यात, कोण उठणार, तिथे तिने आपलं नाव घातलं. जवळचं दुसरं होतं कोण?

स्टोक्सने कागद घेतला, मान वर न करता मोजला. "आता बसलं बरोबर," तो म्हणाला. मग जरा वेळाने, पिन लावता लावता, "तुमच्या आईसुद्धा पहिल्या वर्षी अशाच आल्या होत्या म्हणे. शेवटची दुरुस्ती करायला. माझे वडील सांगायचे. कडेवर तान्हं मूल होतं, आणि एक मुलगा बाहेर पायरीवर बसवलेला."

डेल्फीनने ऐकलं नाही असं दाखवलं. रस्त्यावर आल्यावर एक अनोळखी बाई थांबली, इमानीच्या वेण्यांकडे बघून म्हणाली, "किती गोड! नाव काय गं तुझं?" आणि भर बाजारात डेल्फीनला रडू फुटलं. आनंदानेच फुटलं.

७

मोझेलचा फोन येत होता. डेल्फीन उचलत नव्हती. हळूहळू तो यायचा थांबला आणि तिला हायसं वाटलं. नंतर एकदा मेळाव्याच्या समितीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, बाल्टिमोरला आपलं कोण आहे, म्हणून हे गाव धरलं? डेल्फीन म्हणाली, बंदर चांगलं आहे, पोरांना बोटीत बसता येतं. सगळ्यांना ते पटलं.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारी, इमानी टेबलावर चित्र रंगवत असताना फोन वाजला. नंबर नव्हता. डेल्फीनने सवयीने उचलला.

"लागला! डेल, अगं लागला एकदाचा!" मोझेल धापा टाकत होती. "ठेवू नकोस. तुला माझी शपथ आहे, ठेवू नकोस. कुणी बोलत नाही गं माझ्याशी. दुकानातली माझी खुर्ची नेली. काल घरमालक एका बाईला घेऊन आला, जागा दाखवायला. मी सोफ्यावर बसलेली. ती माझ्या शेजारी बसली आणि पडद्यांची मापं घेतली. मी ओरडले, डेल. तिच्या कानात ओरडले."

डेल्फीनने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"तू आहेस ना? श्वास ऐकू येतोय मला तुझा. तू तरी बोल. काहीही बोल, शिव्या घाल. टू-एक्स दे, चालेल मला."

"मी आहे," डेल्फीन म्हणाली.

पलीकडे मोझेल रडायला लागली, सुटकेचं रडणं. आणि तिच्या रडण्यामागून तो आवाज आला. आता तो बंदरावरचा नव्हता. घरातल्याच जिन्यावर असावा, कारण भिंतींमधून घुमत होता.

"लूथर."

चाळिसावा. थोडा वेळ गेला. कुणीतरी म्हाताऱ्याने खाकरून, खालूनच, उत्तर दिलं, "हजर."

"कुणीतरी वर येतंय," मोझेल कुजबुजली. "बरेच जण आहेत."

"ओला मे."

"हजर," एक आवाज म्हणाला. पातळ, दमलेला, शेवटचं अक्षर गिळणारा. साठ वर्षं ऐकलेला आवाज. डेल्फीनने फोन कानापासून लांब धरला आणि पुन्हा जवळ आणला. तिला लांब धरवत नव्हता.

दार उघडल्याचा आवाज झाला.

"मोझेल," पुरुषी आवाज म्हणाला. अगदी जवळून, अगदी सभ्यपणे.

मोझेलचं रडणं थांबलं.

"डेल! ऐकलंस? माझं नाव घेतलं! अगं, माझं नाव घेतलं त्यांनी!"

इथे दोन शब्द पुरे होते. बोलू नकोस. डेल्फीनच्या जिभेवर ते आले होते, तोंडही उघडलं होतं. समोर इमानीने चित्राच्या वरच्या कोपऱ्यात जीभ बाहेर काढून स्वतःचं नाव लिहायला घेतलं होतं. पहिल्या अक्षरानंतर तिचा खडू थांबला. तिने मान वर केली, भांबावल्यासारखी, जणू पुढचं अक्षर आठवत नव्हतं.

डेल्फीनने तोंड मिटलं.

"हजर!" मोझेल म्हणाली. खणखणीत, चर्चमध्ये गाताना लावायची तसा आवाज लावून. लहानपणी लपंडावात शेवटी सापडली की अशीच ओरडायची.

मग तिथे कुणी नव्हतं. फोन चालू होता. थोड्या वेळाने पलीकडे कागदाचं पान उलटल्याचा आवाज आला.

इमानीने उरलेली अक्षरं लिहिली आणि चित्र उचलून दाखवलं. ड्रॅगनची होडी होती, आणि होडीत दोन माणसं होती.

८

टी-शर्टचं खोकं मेळाव्याच्या आधीच्या मंगळवारी आलं. इमानीने चिकटपट्टी दातांनीच फाडली आणि जमिनीवर निळ्या शर्टांचा ढीग केला. डेल्फीन खुर्चीत बसून यादीवर खुणा करत होती. खोल्या झाल्या होत्या. पुस्तिका झाल्या होत्या. शनिवारी आपल्याला दोनदा उठायचं आहे, एकोणिसाव्या नावाला आणि बेचाळिसाव्या, हे तिने पेन्सिलीने कडेला लिहून ठेवलं होतं.

इमानीने तळातून एक भलामोठा शर्ट ओढून काढला आणि डोक्यावरून घातला. तो तिच्या पायांपर्यंत आला, नांगर गुडघ्यांवर. ती गिरकी घेत हसली. मग तिने मान वळवून पाठीवरचं नाव वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून शर्ट काढून समोर धरला आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

"मो-झे-ल." ती आजीकडे बघत होती. "ग्रॅनी, मोझेल कोण?"

डेल्फीन उठली. तिने शर्ट पोरीच्या हातातून घेतला आणि सावकाश घडी घातली. बाहीवर बाही, नांगर आत.

"कुणी नाही," ती म्हणाली. "छापखान्यातून चुकून जादा आला."